६७०० मालिकेच्या पॅनियर टँकसाठी ब्रेकचा संच: एक परीक्षण

ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या ५७०० वर्गातील पॅनियर टँक इंजिनाचे चार मिलिमीटर प्रमाणातील (खऱ्याचा एक फूट म्हणजे चार मिलिमीटर) मॉडेल करणाऱ्यांसाठी ब्रिटनमधील एका छोट्या उत्पादकाने चेसिस आणि ब्रेक यांचा एकत्र संच काढला आहे. तो मी गेल्या पावसाळ्यात मागवला आणि दिवाळीपर्यंत बांधून पूर्ण केला. हा सारा व्यवसाय एकच गृहस्थ घरातून चालवतात आणि पुढे दोन-तीन तक्रारी लिहायच्या आहेत, म्हणून त्यांचे नाव येथे देत नाही. या छंदात असलेल्यांना वर्णनावरून संच ओळखू आला, तर त्याला माझा इलाज नाही.

प्रथम इंजिनाविषयी. घोड्याच्या पाठीवर दोन्हीकडे पडशी लटकवावी, तशा बॉयलरच्या दोन्ही अंगांना पाण्याच्या लांबट टाक्या असलेले हे सहा चाकांचे इंजिन आहे. १९२९ ते १९५० या काळात अशी ८६३ इंजिने बांधली गेली. बहुतेकांना गाडीसाठी व्हॅक्यूम ब्रेक (पाइपातली हवा काढून निर्वाताच्या जोरावर चालणारा) आणि स्वतःच्या चाकांसाठी वाफेचा ब्रेक, अशी दुहेरी व्यवस्था होती. अपवाद ६७०० ते ६७७९ या क्रमांकांच्या ऐंशी इंजिनांचा. ती निव्वळ शंटिंगसाठी बांधलेली होती. त्यांना व्हॅक्यूमची कोणतीही यंत्रणा नव्हती, सिग्नलचा इशारा कॅबमध्ये देणारी ग्रेट वेस्टर्नची एटीसी यंत्रणा नव्हती आणि डबे जोडायला स्क्रू कपलिंगऐवजी साधी तीन कड्यांची साखळी होती. दक्षिण वेल्समधील कार्डिफ, न्यूपोर्ट, बॅरी या बंदरांच्या परिसरात कोळशाच्या वाघिणी इकडून तिकडे ढकलण्यात त्यांपैकी पुष्कळांचे आयुष्य गेले. मला यातलेच एक, जुन्या पद्धतीची कॅब असलेल्या पहिल्या पन्नासांपैकी, करायचे होते, आणि त्याच्या ब्रेकची मांडणी कशी असेल हे ठरवण्यातच माझा निम्मा वेळ गेला.

आपल्याकडच्या माणसाची येथे हमखास एक चूक होते, आणि ती मीही केली. दौंडच्या यार्डात लहानपणी जी वाफेची इंजिने पाहिली, त्यांच्या बफर बीमवर, म्हणजे इंजिनाच्या टोकाच्या आडव्या तुळईवर, व्हॅक्यूमचा जाड रबरी पाइप लोंबत असायचाच. भारतात मालगाड्यांनाही व्हॅक्यूम ब्रेक सर्रास असल्यामुळे पाइप नसलेले इंजिन आपल्या डोळ्यांना अपुरे वाटते. ब्रिटनमध्ये चित्र उलटे होते. जून १८८९ मध्ये आर्मा येथे भीषण अपघात झाला आणि त्याच वर्षीच्या कायद्याने प्रवासी गाड्यांना सलग, म्हणजे सर्व डब्यांना इंजिनावरून एकदम लागणारे, ब्रेक सक्तीचे झाले, परंतु मालगाड्यांना ती सक्ती नव्हती. हजारो वाघिणी कोळसा कंपन्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या खासगी मालकीच्या होत्या, त्या सर्वांना ब्रेक बसवण्याचा खर्च कोणालाच नको होता. त्यामुळे वाघिणीच्या कुशीला हातब्रेकचा एक लांब दांडा आणि गाडीच्या शेवटी ब्रेक व्हॅनमध्ये बसलेला गार्ड, एवढ्यावर मालवाहतूक विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली. सर्व वाघिणींना व्हॅक्यूम ब्रेक बसवण्याचा संकल्प ब्रिटिश रेल्वेने १९५५ च्या आधुनिकीकरण योजनेत सोडला आणि तोही पुरता तडीस गेला नाही. ज्या गाडीला पाइपच नाही, ती ढकलणाऱ्या इंजिनाला पाइप कशाला? (ग्रेट वेस्टर्नच्या इंजिनांवर दोन शिट्ट्या असत. त्यांतली खर्जातली शिट्टी गार्डाला हातब्रेक आवळण्याची सूचना देण्यासाठी होती. दोन शिट्ट्या मॉडेलवर जरूर बसवाव्यात.)

म्हणून ६७०० चे मॉडेल करताना काय बसवायचे यापेक्षा काय काढून टाकायचे, याचा हिशेब अधिक महत्त्वाचा ठरतो. या संचाच्या माहितीपत्रकात मात्र त्याविषयी एक ओळसुद्धा नाही. संच ‘५७०० आणि सर्व उपप्रकार’ यांसाठी आहे असे वेष्टनावर छापले आहे, आत ओतीव पितळेचे दोन सुबक व्हॅक्यूम पाइप दिले आहेत आणि पत्रकातील शेवटची पायरी ‘पाइप बफर बीमवर बसवा’ अशी आहे. नवख्या माणसाने पत्रक तंतोतंत पाळले, तर त्याचे ६७०० चुकीचे होईल. ही माझी पहिली तक्रार.

दुसऱ्या बाजूने पाहिले, तर चाकांजवळची मांडणी दोन्ही प्रकारांना तीच चालते, आणि हे कोडे सुटले तेव्हा माझ्या मनावरचा मोठा भार उतरला. व्हॅक्यूम असलेल्या ५७०० मध्येसुद्धा इंजिनाच्या स्वतःच्या चाकांवर व्हॅक्यूमचा सिलिंडर काम करत नाही. तेथे वाफेचाच सिलिंडर असतो, आणि चालकाने गाडीचा व्हॅक्यूम ब्रेक लावला की वाफेचा ब्रेकही त्याच्या जोडीने लागतो. ६७०० मध्ये फक्त ही जोडी नाही. चालक वाफेची झडप उघडतो, कॅबच्या फळीखालच्या सिलिंडरातला दट्ट्या सरकतो, तो आडव्या दांड्यावरची तरफ फिरवतो, तरफ ओढदांड्या खेचते आणि त्यांच्या ओढीने चाकांमधल्या आडव्या पट्ट्या सरकून ब्रेकचे सहा गुटके सहा चाकांच्या धावेवर दाबले जातात. कॅबमधला हातब्रेकचा खांबही मळसूत्राच्या साहाय्याने याच आडव्या दांड्याला फिरवतो. साखळी एकच, तिला हलवणारे हात दोन. म्हणजे संचातील हँगर (गुटके धरून फ्रेमला लोंबणारे दांडे), पट्ट्या आणि ओढदांड्या आहेत तशा वापराव्यात. फरक केवळ बफर बीमवर आणि कॅबच्या आत करायचा.

हे खात्रीने सांगण्यासाठी मला बराच शोध घ्यावा लागला, कारण ६७०० मालिकेतील एकही इंजिन आज शिल्लक नाही. ५७०० वर्गाची जी इंजिने जतन केलेली आहेत, ती सर्व व्हॅक्यूम असलेल्या मालिकांतील आहेत आणि वारसा रेल्वेवर प्रवासी गाड्या ओढत असल्यामुळे त्यांच्या बफर बीमवर पाइपांची दाटी असते. त्यांची छायाचित्रे पाहून ६७०० करणे म्हणजे थोरल्या भावाचा फोटो बघून धाकट्याला दाढी रंगवण्यासारखे आहे. तरीही पोटाखालची मांडणी पाहण्यासाठी तीच उपयोगी पडतात. माझा भाचा रेडिंगला राहतो. तेथून डिडकोट रेल्वे सेंटर जवळच आहे, आणि तेथे ३६५० आणि ३७३८ ही दोन इंजिने आहेत. त्याला मी हँगरची खिटी, गुटका आणि पट्टीचे टोक एकाच चौकटीत येईल अशी छायाचित्रे मागितली. त्याने ती पाठवली आणि खाली लिहिले, ‘मामा, जमिनीवर आडवा होऊन काढलेत. लोक बघत होते.’ त्या अकरा छायाचित्रांनी जे दाखवले ते जुन्या काळच्या बाजूने घेतलेल्या शंभर छायाचित्रांत दिसत नाही, कारण तेथे चाकांमागचा भाग नेहमी काळोखात बुडालेला असतो. जुन्यांपैकी उपयोगी पडली ती भंगारात तोडायला काढलेल्या इंजिनांची आणि हिवाळ्यातल्या कलत्या उन्हात घेतलेली. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाकडे ग्रेट वेस्टर्नच्या कारखान्यातील आराखडे आहेत. ज्यांना शेवटच्या मिलिमीटरपर्यंत जायचे आहे, त्यांनी तो मार्ग धरावा.

आता प्रत्यक्ष संचाकडे वळतो. ॲसिडने कोरलेले निकेल सिल्व्हरचे दोन पत्रे, एक जाड आणि एक पातळ, थोडी पितळी तार, ओतीव भागांची एक पुडी आणि चार पानी माहितीपत्रक, इतके सामान आहे. चाके, मोटर आणि गिअरबॉक्स आपले आपण घ्यायचे. खऱ्या इंजिनाची चाके ४ फूट साडेसात इंच व्यासाची, म्हणजे मॉडेलमध्ये १८.५ मिलिमीटरची. आसांमधले अंतर ७ फूट ३ इंच आणि ८ फूट ३ इंच, म्हणजे २९ आणि ३३ मिलिमीटर. फ्रेमवरील भोके मी कॅलिपरने मोजली, ती या मापांशी बरोबर जुळली. कोरीव काम स्वच्छ आहे, कडांना कुसळे नाहीत, घड्या घालायच्या रेषा पुरेशा खोल आहेत. सांगाडा एका संध्याकाळी, काचेवर ठेवला तर डुगडुगणार नाही असा, उभा राहिला. चेसिसपुरते बोलायचे, तर या किमतीत यापेक्षा चांगली वस्तू मी हाताळलेली नाही.

ब्रेकचे काम मात्र इतके सरळ नाही. प्रत्येक हँगर तीन थरांचा आहे. मधल्या थराला गुटक्याचा आकार आहे आणि बाहेरचे दोन थर त्याला जाडी देतात. हे तीन थर एकमेकांवर नेमके बसवण्यासाठी उत्पादकाने पत्र्यातच दोन बारीक भोके ठेवली आहेत. त्यांतून तार ओवायची, थर दाबून धरायचे आणि डाख एका कडेने सोडायचा. तो केशाकर्षणाने आत ओढला जातो, आणि नंतर कानस फिरवली की जोड दिसतही नाही. ही युक्ती मला फार आवडली. सहा हँगर तयार व्हायला दोन तास लागले आणि सहाही एकसारखे झाले, जे माझ्या हातून सहसा होत नाही.

अडचण सुरू होते ती आडव्या पट्ट्यांपाशी. चार मिलिमीटर प्रमाणात काम करणारे तीन वेगवेगळ्या रुंदीच्या रुळांवर गाड्या चालवतात: डबल ओ म्हणजे १६.५ मिलिमीटर, ईएम म्हणजे १८.२ आणि पी-फोर म्हणजे १८.८३. फ्रेममधले अंतर राखणारे तुकडे तिन्ही मापांचे दिले आहेत, पण ब्रेकच्या पट्ट्या फक्त पी-फोरच्या मापाच्या आहेत आणि पत्रकात ‘इतरांनी आवश्यकतेनुसार कमी करावे’ एवढेच लिहिले आहे. माझे रूळ डबल ओचे असल्यामुळे फरक २.३३ मिलिमीटरचा, म्हणजे दोन्ही टोकांना सव्वा मिलिमीटरहून थोडा कमी. ऐकायला सोपे वाटते. परंतु पट्टीच्या टोकाला हँगरमध्ये शिरणारी बारीक खिटी कोरलेली आहे. टोक कापले की ती खिटीच जाते. शेवटी मी पट्टी मधोमध कापली, हवा तेवढा तुकडा काढून टाकला आणि मागून पातळ पत्र्याची ठिगळपट्टी डाखून ती पुन्हा जोडली. असे तीनदा करावे लागले. बहुसंख्य गिऱ्हाईक डबल ओवाले असताना तेवढ्यासाठी तीन पट्ट्या जास्त कोरायला कितीसा पत्रा लागला असता? ही दुसरी तक्रार.

तिसरी सर्वांत गंभीर आहे. हँगर ज्या खिट्यांवर लोंबतात, त्यांची भोके फ्रेममध्ये आधीच पाडलेली आहेत. पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी ती आसापासून सारख्याच अंतरावर आहेत, मधल्या चाकासाठी मात्र सुमारे पाऊण मिलिमीटर जवळ. तिन्ही चाके एकाच व्यासाची आणि गुटके एकाच मापाचे, तेव्हा हा फरक खऱ्या इंजिनातला नसून आरेखनातली चूक आहे, हे उघड आहे. त्यामुळे मधला गुटका चाकाच्या धावेला थेट टेकतो. मी ते भोक डाखाने बुजवून नवे पाडले. उत्पादकाला कळवल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशी उत्तर दिले, चूक मान्य केली आणि पुढच्या खेपेत ती सुधारू असे लिहिले. त्यांच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. पण आज जो संच घेईल, त्याने हे भोक आधी मोजावे आणि मगच फ्रेमला घडी घालावी, कारण सपाट पत्र्यावर ड्रिल चालवणे उभ्या सांगाड्यावर चालवण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे.

गुटका आणि धाव यांच्यामध्ये फट किती ठेवायची, हा प्रश्न प्रत्येक मॉडेलकर्त्याला पडतो. खऱ्या इंजिनात ब्रेक सुटलेला असताना हे अंतर बोटाच्या जाडीपेक्षाही कमी असते. ते चार मिलिमीटर प्रमाणात उतरवले, तर कागदाच्या जाडीएवढे भरेल, आणि तेवढ्या फटीत विजेवर चालणारे मॉडेल निभावणे शक्य नाही. मी अर्धा मिलिमीटर ठेवले. तरीही इंजिन रंगवून झाल्यावर एक विचित्र खोड निघाली. सरळ रुळावर ते उत्तम चाले, उजव्या वळणावरही चाले, पण डाव्या वळणात शिरताच क्षणभर थबके आणि कंट्रोलरवरचा दिवा लुकलुके. दोन रविवार मी रूळ पुसत बसलो. मग मल्टिमीटर लावला तेव्हा उलगडा झाला. माझी चाके दोन्ही बाजूंनी आसापासून वेगळी, इन्सुलेटेड आहेत, म्हणून फ्रेममध्ये एरवी वीज नसते. मागच्या डाव्या चाकाला त्याचा गुटका आधीपासूनच किंचित घासत होता. त्यामुळे सारी फ्रेम डाव्या रुळाशी जोडली गेली होती, पण तेवढ्याने काहीच बिघडत नव्हते, म्हणून कळलेही नाही. डाव्या वळणावर मधला आस बाहेरच्या, म्हणजे उजव्या अंगाला सरके, त्याच्या उजव्या चाकाची कड गुटक्याच्या आतल्या बाजूला टेके, आणि दोन्ही रुळांची गाठ फ्रेममधून पडे. एकटा स्पर्श निरुपद्रवी होता, दुसरा आला की शॉर्ट होई. दोन जागी गुटक्याच्या आतल्या कडेवरून कानस फिरवली आणि खोड गेली. रंगाचा थर वीज अडवील या भरवशावर कोणी राहू नये. माझा रंग त्या दोन ठिकाणी पहिल्या दिवशीच खरवडून गेला होता. ज्यांना ही कटकट नको, त्यांनी गुटक्यांचा भाग कापून तेथे अर्ध्या मिलिमीटरच्या प्लॅस्टिकच्या पत्र्याचे तुकडे चिकटवावेत. रंगवल्यावर फरक कोणालाही कळत नाही.

एका गोष्टीबद्दल उत्पादकाचे मनापासून कौतुक केले पाहिजे. ब्रेकची पूर्ण साखळी, म्हणजे हँगर, पट्ट्या आणि ओढदांड्या, एकाच तुकड्यात खाली काढता येते. खिट्या फ्रेममध्ये डाखायच्या नाहीत. तेथे बारीक नळ्या बसवायच्या आणि हँगरच्या खिट्या त्यांत सरकवायच्या. मागच्या टोकाला एकच स्क्रू आहे. पूर्वी बांधलेल्या एका इंजिनात मी ब्रेक कायमचे डाखून टाकले होते, आणि पुढे गिअर बदलायची वेळ आली तेव्हा चाके बाहेर काढण्यासाठी सारे ब्रेक मोडावे लागले होते. तो अनुभव असलेल्या माणसालाच या एका स्क्रूची किंमत कळते. मात्र रुळावरून वीज घेणाऱ्या तारा कुठून न्यायच्या, याचा विचार येथेही अपुरा आहे. पत्रकातील आकृतीप्रमाणे तारांची पट्टी नेमकी मधल्या ब्रेकपट्टीच्या जागी येते. मी ती दोन मिलिमीटर पुढे घेतली आणि तारा चाकांच्या पाठीमागे वरून टेकवल्या.

शेवटी बफर बीम आणि कॅब. चेसिसवर बसवायची बॉडी मी बाजारात तयार मिळणाऱ्या ५७०० ची घेतली. तिच्या पुढच्या आणि मागच्या बीमवरचे व्हॅक्यूम पाइप उपटले, भोके पुटीने बुजवली, स्क्रू कपलिंगचा आकडा काढून तीन कड्यांची साखळी लावली. कॅबमध्ये व्हॅक्यूमचा काटा दाखवणारी तबकडी होती, ती खरवडून काढली. हे करताना हात थरथरतो हे कबूल करतो, कारण पैसे देऊन घेतलेल्या सुरेख वस्तूवरचे बारकावे आपणच पुसत असतो. हातब्रेकचा खांब मात्र ठेवायचा. संचातला ओतीव खांब बॉडीतल्या खांबापेक्षा पुष्कळ सरस आहे, त्याच्या मुठीवरचा बाकसुद्धा स्पष्ट आहे. कॅबमधून खाली येणारा त्याचा दांडा आडव्या दांड्यावरच्या तरफेपर्यंत पोहोचतो की नाही, हे बाजूने पाहिल्यास दिसते. संचात हा दुवा दिलेला नाही, मी तो ०.७ मिलिमीटरच्या तारेचा केला.

किमतीचे म्हणाल, तर संच, चाके, मोटर, गिअरबॉक्स आणि टपालखर्च धरून तयार मॉडेलइतकाच खर्च पुन्हा झाला, आणि वर सीमाशुल्क भरावे लागले ते वेगळे. डाखकाम कधीच न केलेल्याने सुरुवात या संचापासून करू नये. दोन-तीन वाघिणी बांधून हात बसला असेल आणि ईएम किंवा पी-फोरमध्ये काम करत असाल, तर मधले भोक मोजण्याची काळजी घेऊन खुशाल मागवावा. डबल ओवाल्यांनी पट्ट्या कापण्याची तयारी ठेवावी.

माझे इंजिन आता रोज संध्याकाळी दहा वाघिणी मागेपुढे करते. परवा एक स्नेही पाहायला आले होते. रेल्वेत नोकरी झालेले गृहस्थ. त्यांनी चष्मा सारून बीमकडे निरखून पाहिले आणि विचारले, “पाइप तुटला का हो?” संचातले ते दोन पितळी पाइप डबीत तसेच आहेत. पुढच्या वर्षी व्हॅक्यूमवाले ५७०० करायला घेईन, तेव्हा त्यांना लावीन.